ळचा ठसा

"हे काय लिहिलंय?" ह्यांनी ओट्यावरची पट्टी उचलली नाही, नुसतं बोट दाखवलं.

पट्टी चांदीच्या मातीची होती. आमची मयूरी दागिन्यांच्या कोर्सला जाते, तिथून तिला एक पुडी मिळाली होती. करड्या कणकेसारखा गोळा. लाटायचा, ठसे उमटवायचे, वाळवायचा आणि भाजायचा. भाजताना माती जळून जाते, चांदी उरते. दुसऱ्या दिवशी ह्यांची रिटायरमेंट, म्हणून पोरीनं खिशावर लावायला नावाचा बिल्ला केला होता. त्यावर उमटलं होतं, पंढरीनाथ भोले.

आता हे नाव म्हणजे आमच्या घरातलं जुनं दुखणं. पंच्याऐंशी साली भुसावळहून बदली होऊन जयपूरला, खातीपुऱ्यात आलो, त्याला एकवीस वर्षं झाली. आल्या दिवसापासून भोळ्यांचे भोले झाले. ऑफिसच्या बिल्ल्यावर भोले, गॅसच्या पुस्तकावर भोले. शेजारचे सुखदेवजी तर हात जोडून 'जय भोले' म्हणतात, आणि हे दर वेळी थांबून, जीभ उलटी करून त्यांना ळ म्हणून दाखवतात. भाजीवाल्यालाही सोडत नाहीत. मी आपली पिशवी धरून ताटकळत उभी. नाव भोळे आणि स्वभाव हा असा! जन्म गेला माझा त्या ळपायी.

"पप्पा, मतलब, ठशांच्या डब्यात ळ नाहीच आहे," मयूरी म्हणाली. "आणि सगळे भोलेच म्हणतात ना."

"सगळे म्हणतात गं. तू पण?"

एवढंच बोलून हे गॅलरीत जाऊन बसले. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

मला दोघांचाही संताप आला. मयूरीला म्हटलं, ठसा नाही तर हातानं काढ, अजून भाजलेलं नाही. तिनं उरल्यासुरल्या मातीत पाणी कालवून 'ले' लिंपून टाकला, माझी विणकामाची सुई घेतली आणि तशीच बसून राहिली.

"मम्मी, ळ काढतात कसा?"

मी कपाळावर हात मारला. पोरगी शिकली हिंदी शाळेत, तिचा काय दोष? दर मे महिन्यात शिकवू, शिकवू म्हणत मीच वीस वर्षं घालवली.

गॅलरीत गेले आणि ह्यांना म्हटलं, सगळ्या जयपूरला ळ शिकवत फिरलात, घरच्या पोरीला शिकवायचा राहिला. हे उठून आत आले. तिच्या हातावर हात ठेवला. रेल्वे सिग्नलच्या बारीक तारा जोडण्यात आयुष्य गेलेला तो हात. दोघांनी मिळून ळ काढला, वर मात्रा दिली. बाकीच्या ठशांपुढे तो जरा थोराड आणि वाकडा दिसत होता, पण ळ होता.

पापडाच्या जाळीवर पट्टी भाजली. आक्रसून लहान झाली, पांढरीफटक पडली. मयूरीनं तारेच्या ब्रशनं घासली तशी चांदी दिसायला लागली. मग मागे पिन चिकटवली.

सकाळी निघताना तिनंच बिल्ला ह्यांच्या खिशावर लावला. एकेका अक्षरावर बोट ठेवत, कौतुकानं मोठ्यांदा वाचलं.

"पंढरीनाथ भोले."

जीभ काही उलटली नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता सुरू होणार, खाली ऑफिसची जीप ताटकळत राहणार.

"बरोबर," हे म्हणाले, आणि खिसा सारखा करून जिना उतरायला लागले.