फाटकाच्या उजवीकडची भेग

मित्रांनो, मी एक जुना प्रस्तरभंग आहे. म्हणजे जमिनीला गेलेला मोठा तडा. केनियातल्या खचदरीच्या पश्चिमेला जो उंच कडा दिसतो, तो माझाच. आणि खरं सांगू, मी आता अगदी वैतागलो आहे.

दोन्हीकडून जमीन ओढली जात होती, तेव्हा माझा जन्म झाला. ताण सहन होईना, म्हणून मी फाटलो आणि माझ्या पूर्वेची जमीन खचू लागली. लाखो वर्षं ती टप्प्याटप्प्याने खाली गेली. खोलगटात तळी साचली, ज्वालामुखींची राख बसली. ते माझे कामाचे दिवस होते. पुढे ती ओढ दरीच्या मध्यभागी सरकली. तिथे नव्या, बारक्या भेगांची पिढी आली. काम त्यांच्याकडे गेलं आणि मी जवळजवळ निवृत्त झालो. बदनाम मात्र अजून मीच!

दरीत मासाई लोक गुरं राखतात. परमुआत नावाचा म्हातारा आपल्या दोन बायकांसह तिथे नवी वस्ती मांडायला आला. माझ्याकडे काठी रोखून म्हणाला, "त्या कड्यापासून लांबच राहायचं. तो कधीतरी घात करणार." लांब म्हणजे कुठे, तर नेमकं एका नव्या भेगेवर! राखेने भरल्यामुळे ती वरून सपाट दिसते. मी काय करणार? हलण्याखेरीज मला दुसरी भाषा येत नाही, आणि हललो की सगळे मलाच शिव्या देतात.

या लोकांत घर बाई बांधते. फाटकातून आत शिरलं की उजवीकडे थोरलीचं, डावीकडे धाकटीचं. थोरली नासिएकू उजवीकडे भिंत लिंपत होती. धाकटी सितेया म्हणाली, "अक्का, काल इथं पाणी सांडलं, ते बघता बघता गडप झालं. खाली पोकळ असणार. त्या बाजूला बांधा ना."

"वा गं शहाणे! म्हणजे मी डावीकडे आणि तू माझ्या जागेवर?"

"मग फाटकच उलट्या तोंडाला करायला सांगा, म्हणजे ती बाजू उजवी होईल."

परमुआत तिकडून ओरडला, "बायकांनी पाणी सांडलं म्हणून फाटक फिरवतात होय?"

झालं! मानाची जागा काही सुटेना. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण मी डोकं आपटलं तर दरी हादरेल.

सितेयाचं घर अजून व्हायचं होतं, ती थोरलीकडेच राहत होती. मोठ्या पावसात पाणी भेगेत शिरलं, आतली राख वाहून गेली आणि भरदुपारी नासिएकूचं अर्धं घर खाली बसलं. आत बांधलेलं वासरू गेलं. सितेयाने दंडाला धरून ओढलं म्हणून नासिएकू वाचली. परमुआत धावत आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साधला ना डाव कड्यानं!" मी जागचा हललोसुद्धा नव्हतो हो!

दुसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने फाटक उलट्या बाजूला केलं. आता धड जमीन उजवीकडे आली. "नासिएकू, तुझं घर तिथं," तो ऐटीत म्हणाला, जणू युक्ती त्याचीच.

सितेया हळूच म्हणाली, "आणि माझं? आता भेग डावीकडे आली."

परमुआत काठीने माती उकरत राहिला.

नासिएकूने शेणाची पाटी उचलली. "माझ्या भिंतीला भिंत लावून बांध. डावीकडे काही नको. वासरूसुद्धा नको."

"अगं, लोक हसतील! धाकटी उजवीकडे?" परमुआत म्हणाला.

"हसू देत. आत आम्ही झोपणार आहोत, लोक नाही."

मित्रांनो, परमुआत अजून येता-जाता माझ्यावर काठी उगारतो. उगारू दे, माझं काही जात नाही. पण तुमच्या पायाखालची जमीन कोणी पोकळ म्हटली, तर सांगणारी थोरली की धाकटी, हे विचारत बसू नका. आधी तिथून बाजूला व्हा.