रतनबाईंची झाकून ठेवलेली पेटी

मित्रांनो, श्रीरामपूरजवळच्या एका गावात दगडी चर्च आहे. तिथे वेदीच्या डाव्या हाताला जी काळपट पेटी दिसते, ती मी. वाजवायची पेटी, कपड्यांची नव्हे. मिरजेच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं, पितळेचे सूर घासून जुळवले आणि भात्याला मऊ कातडं लावलं. त्या भात्यात कुणी हवा भरली तरच मला आवाज. एरवी मी नुसतं लाकूड.

मला रतनबाई वाजवायच्या. त्या गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. डिसेंबर लागला की शाळा सुटल्यावर नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू व्हायची. ढोलकीवर भीमा. त्याचा हात जड. रतनबाई मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "भीमा, अरे बाळ गोठ्यात निजलंय. तू तर मेंढरंसुद्धा पळवून लावशील."

"अक्का, मेंढरं माझ्याच घरची हायेत. ती न्हाई पळत," भीमा म्हणायचा आणि सगळ्या बाया हसायच्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाण्यांची उपासना होई. शेवटचं गाणं रतनबाईंनी स्वतः बांधलेलं होतं: "हळू बोला गं बायांनो, बाळ आत्ताच निजलं." जात्यावरच्या ओवीसारखी चाल. वस्तीवरच्या म्हाताऱ्याही ते गात. त्या गाण्याला माझी स्तुती व्हायची. लोक म्हणायचे, पेटी बोलते. पण बोलायच्या त्या रतनबाई, हे मला ठाऊक होतं.

यंदा पावसाळ्यात रतनबाई गेल्या. त्याआधी अंथरुणावर असताना त्यांनी मला खोलीत आणवून घेतलं होतं. पुण्याहून आलेल्या लेकीला, दिपालीला, त्या म्हणाल्या, "नाताळला माझं गाणं तू वाजव. नुसता फोटो लावून बसू नका."

"वाजवीन, आई," दिपाली म्हणाली. तेवढंच. ती फार बोलणारी नाही.

रतनबाईंना माती दिल्यावर मला परत चर्चमध्ये आणलं. दिपालीने मला माझ्या लाकडी खोक्यात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. भीमाने वर पांढरी चादर घातली, हार ठेवला आणि मंडळीला बजावलं, "आता कुनी हात लावायचा न्हाई. नाताळला अक्काची लेकच उघडंल, सगळ्यांसमोर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मान मिळाला, मित्रांनो. त्या मानानेच माझा घात केला.

पावसाने खोक्याची तळफळी फुगली आणि सुटली. त्या फटीतून उंदीर आत आले. आधी एक, मग त्याचं बिऱ्हाड. ते माझं कातडं कुरतडत होते आणि बाहेर बाया चादरीवरची धूळ हलक्या हाताने झटकत होत्या. ताजी फुलं ठेवत होत्या. कुणीतरी ऐकावं म्हणून मी काय करणार होते? माझ्याजवळ आवाज आहे, पण तो माझ्या हातात नाही.

नाताळची आदली संध्याकाळ आली. दिपालीची गाडी उशिरा पोचली. ती थेट चर्चमध्येच आली. चर्च भरलेलं. गाणी एकामागून एक झाली. शेवटी भीमाने चादर काढली, दिपालीने कुलूप उघडलं आणि मला बाहेर घेतलं.

"दिपे, सूर दे," भीमा म्हणाला.

तिने भाता ओढला. फस्स झालं. कागदाचा आणि कातड्याचा भुगा तिच्या साडीवर उडाला. तिने पुन्हा ओढला. मी जीव एकवटला, पण हवा सगळी भोकांतून गेली.

"राहू दे, पोरी," भीमा म्हणाला.

"थांबा मामा. एकदाच."

एकदाच नव्हे, तिने कितीतरी वेळा ओढला. मग तिने तसंच, सुराशिवाय, गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला ती थांबली. तेव्हा वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी ते पुढे उचललं. दिपाली गाऊ शकली नाही, पण तिची बोटं थांबली नाहीत. गाणं संपेपर्यंत ती आईने शिकवलेल्या त्याच पट्ट्या, त्याच क्रमाने दाबत राहिली. एकही चुकली नाही. आणि मी गप्प.

उपासनेनंतर भीमा खाली मान घालून म्हणाला, "मीच म्हनलो हुतो, हात लावू नका."

"किल्ली मीच नेली होती, मामा," दिपाली म्हणाली आणि साडीवरचा भुगा न झटकताच उभी राहिली.

आता माझा भाता नवा होईल असं म्हणतात. होईलही. पण रतनबाईंनी मागितलेला तो नाताळ होऊन गेला.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी गेलं, तर त्याच्या वस्तू मानाने झाकून ठेवू नका. शिवणयंत्र असेल तर शिवा, सायकल असेल तर चालवा. पेटी असेल तर वेडीवाकडी का होईना, वाजवा. आतून आम्ही संपत चाललो, तरी आम्हाला स्वतःहून कुणाला हाक मारता येत नाही.