विलीची चेनकप्पी

"सहा कोनी घे. बारा कोनी गोट्या दिसायला चांगल्या, पण गंजलेल्या बोल्टाचे कोपरे खातात," एमोसी म्हणाला आणि गोटी पान्यांचा चकचकीत डबा त्याने विलीच्या हातून काढून परत फळीवर ठेवला.

"पण दाजी, हा बघ ना केवढा! दोनशे नग आहेत यात."

"त्यातले दीडशे जन्मभर डब्यात झोपा काढतील. तुला गाड्या दुरुस्त करायच्यात की लग्नात आहेर मांडायचाय?"

विली हसला. तो कशालाही हसतो. दुकानातला पोरगाही हसला, आणि एमोसीला उगाचच दोघांचाही राग आला.

विली म्हणजे एमोसीच्या बायकोचा, लावेनियाचा, धाकटा भाऊ. ऑस्ट्रेलियातल्या मांसाच्या कारखान्यात चार वर्षं राबून तो नुकताच परत आला होता आणि घराशेजारी गॅरेज टाकणार होता. घर कुठे, तर एमोसीच्या कुंपणाला लागून. आमच्या वस्तीत, म्हणजे नौसोरीच्या पुलापासून रेवा नदीच्या काठाने खाली येईपर्यंत, गाडी बंद पडली की आजवर एकच नाव घेतलं जायचं ते एमोसीचं. आंब्याखालचं पत्र्याचं छप्पर, सासऱ्याने दिलेले पाने, गिरणीच्या भंगारातून उचललेला जॅक, एवढ्या भांडवलावर त्याने वीस वर्षं अख्ख्या वस्तीची चाकं फिरती ठेवली होती.

"तुझ्याइतकं कळतं कोणाला? तू निवड, मी पैसे देतो," असं म्हणून विलीने त्याला बसमध्ये घालून राजधानीत, सुव्हाला, आणलं होतं. भुकेल्या माणसाला दुसऱ्याचं ताट वाढायला बसवावं, तशी एमोसीची गत झाली. ट्रॉली जॅक त्यानेच दाबून पाहिला. स्टँड जॅकच्या ताकदीचेच हवेत, हे त्यानेच सांगितलं. आपल्याकडच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, म्हणून तळाशी तोटी असलेलाच घे, हेही त्यानेच. मेहुण्याच्या गळ्यात फालतू माल मारावा असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण हात ऐकेनात. हातांना चांगलंच उचलायची सवय होती.

फक्त एका वस्तूजवळ तो थांबला नाही. मागच्या भिंतीवर टांगलेली, एक टन वजन उचलणारी चेनकप्पी. सुव्हाला आला की एमोसी या दुकानात शिरायचा, तिची साखळी हातातून सोडायचा, आतल्या दात्यांची टिकटिक ऐकायचा आणि खिळे घेऊन घरी जायचा. आज तो तिच्याकडे पाठ करून ग्रीसचे डबे बघत राहिला.

"दाजी, ही रे? इंजिन उचलायला लागेल ना?"

"तुला कशाला? इंजिन काढायचं काम आलं तर माझ्याकडे पाठव."

"असं कसं? रोज तुला त्रास देऊ?" विली म्हणाला, आणि पोराला हाक मारून त्याने ती उतरवून घेतली.

परत येताना चेनकप्पीचं खोकं एमोसीच्या मांडीवर होतं.

विलीचं गॅरेज सुरू झालं आणि एमोसीच्या पोटात दुखायला लागलं. विलीला काम येत नव्हतं असं नाही. कारखान्यातली यंत्रं तो खोलत-जोडत होता, हात बरा होता. पण आजार ओळखायचा कान त्याच्याकडे नव्हता. गाडी चालू करून तो कुंपणाकडे तोंड करून ओरडायचा, "दाजी, हा आवाज कसला रे?"

"पाण्याच्या पंपाचा. बेअरिंग गेलंय."

"विनाका, दाजी!" तो आभार मानायचा.

आजार ओळखायचा एमोसीने आणि गिऱ्हाइकांकडून आभार मानून घ्यायचे विलीने. लोकांना तिथे बसायला बाकडं होतं, चहा होता, रेडिओ होता. ज्यांची गाडी नव्हती तेही जाऊन बसायचे. एमोसीचा शेजारी जोलामे, ज्याची टॅक्सी एमोसीने तीनदा मेलेली जिवंत केली होती, तोही एक दिवस नजर चुकवून कुंपणापलीकडे गेला. गेला तर गेला, पण परत येताना म्हणाला, "काय ते सामान आहे रे विलीकडे! कोणी निवडलं असेल?"

एमोसी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायला. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि कितीही पाणी प्यायला तरी जळजळ जात नव्हती.

आमच्याकडे बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा यांनी एकमेकांची टर उडवायचीच असते. न उडवली तर लोक विचारतात, भांडण झालं का? संध्याकाळी यांगोनाच्या, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाच्या, परातीभोवती बसलं की विली सुरू व्हायचा. "आमच्या दाजीचा जॅक माझ्या आजोबांहून म्हातारा. आणि त्यांच्यासारखाच अर्ध्यावर आला की बसतो!" सगळे मांड्या थोपटून हसायचे. पूर्वी एमोसी याच्या दुप्पट परत करायचा. आता तो नुसता "हं" म्हणून करवंटी तोंडाला लावायचा.

"तुझं तोंड का आंबलंय?" लावेनियाने एकदा अळूची पानं नारळाच्या दुधात सोडता सोडता विचारलं.

"कुठे काय."

"माझ्या भावाचं बरं चाललेलं बघवत नाही तुला."

"तुझ्या भावाला मीच उभा केला. एकेक पाना मी निवडलाय."

"मग झालं तर. आनंद मान की," ती म्हणाली. आनंद मानायला सांगणाऱ्या माणसाइतका राग दुसऱ्या कोणाचा येत नाही.

मग चर्चच्या ट्रकचं प्रकरण झालं. हा ट्रक म्हणजे वस्तीचा जीव. फळ्यांची बाकडी, वर ताडपत्री, रविवारी गायनमंडळ नेणार, लग्नाला चटया आणि मयताला डुकरं वाहणार. एमोसीने तो आजवर फुकट सांभाळला होता. प्रार्थनेनंतर पाळकसाहेब सगळ्यांदेखत "आपल्या एमोसीमुळे" असं म्हणायचे, तेव्हा तो मान खाली घालायचा, पण आठवडाभर त्या दोन शब्दांवर जगायचा. कधी धार्मिक म्हणून त्याची ख्याती नव्हती, पण रविवार चुकवत नसे तो या शब्दांपायी.

पाळकसाहेब स्वतः आले. मोठ्या अदबीचा माणूस. आधी पावसाचं बोलले, मग पोरांचं, मग म्हणाले, "ट्रकचा धूर फारच वाढलाय एमोसी. इंजिन बाहेर काढावं लागेल, तूच म्हणाला होतास. आता विलीकडे कप्पी आहे. तुझ्या पाठीलाही त्रास नको. त्याच्याकडेच देऊ म्हणतो."

"बरंच झालं," एमोसी म्हणाला. "माझीही दगदग वाचली."

ते गेल्यावर त्याने हातातला पाना इतक्या जोराने फेकला की कोंबड्या आंब्यावर चढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रक विलीच्या दारात उभा असताना, एमोसी यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन कुंपण ओलांडून गेला. विली केबिन पुढे कलंडवून बोल्ट सोडत होता. जुडी बघून त्याने हात पुसले आणि सरळ जमिनीवर बसला. एमोसी समोर बसला.

"केरेकेरे, विली. तुझी चेनकप्पी."

नात्यातल्या माणसाने केरेकेरे म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. कधी परत देणार, हेही विचारायचं नसतं. दिली ती वस्तू गेली. मागणाऱ्याने मात्र तोल राखायचा असतो, माणसाचं रोजचं ताट मागायचं नसतं. हे एमोसीला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याचा हिशेब साधा होता. कप्पी नाही म्हणजे इंजिन निघत नाही, आणि इंजिन निघत नाही म्हणजे ट्रक मुकाट्याने आंब्याखाली येतो.

विलीने ट्रककडे पाहिलं. मग वरच्या तुळईला टांगलेल्या कप्पीकडे. पहिल्यांदाच तो हसला नाही.

"घेऊन जा, दाजी," तो म्हणाला. "थांब, जड आहे, मीच आणून देतो."

त्याने ती उतरवली, साखळीला तेल लावलं, आणि एमोसीच्या छपरात स्वतःच्या हाताने टांगून दिली. जाताना एवढंच म्हणाला, "तुळई जरा बारीक आहे रे. टेकू दे खालून."

लावेनियाने ते दारातून पाहिलं. भाऊ गेल्यावर ती बाहेर आली.

"कशाला हवी होती?"

"काम आहे."

"कुठलं?"

एमोसी साखळी उगाच खालीवर करत राहिला. टिकटिक, टिकटिक. पूर्वी याच आवाजाने त्याला दुकानात झुलवलं होतं.

"लाज वाटते मला," ती म्हणाली. "त्याची नाही, तुझी." आणि दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.

दोन दिवस ट्रकही आला नाही. एमोसीने छपराखालची जागा झाडून ठेवली, टेकू दिला, इंजिन ठेवायला टायर मांडले. पाळकसाहेब आले तर काय म्हणायचं हेही ठरवलं: "ठेवा इथे, बघतो." फार उत्साह दाखवायचा नाही.

शनिवारी सकाळी कुंपणापलीकडे गलका झाला. गायनमंडळातले सगळे पुरुष जमले होते, खर्जात गाणारे ते धिप्पाड गडी. जोलामे होता, पाळकसाहेबही बाह्या सरसावून. कोणीतरी दोन लांब ओंडके तासून आणले होते. इंजिनला दोर बांधून ते ओंडके दोन्ही बाजूंनी खांद्यावर घेतले होते, आणि बाकीचे ट्रक मागे ढकलायला उभे होते. बायकांनी कसावा उकडायला ठेवला होता. असा शनिवार वस्तीत कैक दिवसांत झाला नव्हता.

"दुआ!" विली ओरडला, म्हणजे एक.

एमोसी जागचा हलेना.

"आता तरी नेऊन दे," मागून लावेनिया म्हणाली. दोन दिवसांनंतरचे तिचे ते पहिले शब्द.

त्याने धडपडत कप्पी उतरवली. साखळी खांद्यावर टाकली, ती पायात आली, पुन्हा गोळा केली. कुंपण ओलांडेपर्यंत दोनचं "रुआ" झालं होतं, तीनचं "तोलू" झालं होतं, आणि इंजिन हवेत होतं. ट्रक खालून मागे सरकत होता.

"कप्पी आणलीय," एमोसी म्हणाला.

"आता कशाला रे?" जोलामे ओझ्याखाली दात आवळून म्हणाला. "उचललंच की!"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. ती असती तर एमोसीला बरं वाटलं असतं. त्याने कप्पी गवतात ठेवली आणि ओंडक्याखाली दोघांच्या मधे जिथे जागा दिसली तिथे शिरला. कोणी नको म्हटलं नाही. पुढचा माणूस चार बोटं पुढे सरकला.

"दाजी आला!" विली पलीकडून ओरडला. "आता बघा कसं हलकं झालं!"

सगळे हसले, आणि हसता हसता विलीने मांडलेल्या टायरांच्या दिशेने चालू लागले. एमोसी त्यांच्याबरोबर पावलं टाकत होता. पुढचा आणि मागचा, दोघेही त्याच्याहून हातभर उंच. ओंडका त्याच्या खांद्याला लागतच नव्हता. त्याने टाचा उचलून पाहिल्या. मग दोन्ही तळवे वर करून ओंडक्याला लावले, आणि उतरवण्यासाठी सगळ्यांनी पुन्हा आकडे मोजायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याबरोबर तोही मोठ्याने मोजू लागला.