वॉर्डच्या दारातली बादली

मित्रांनो, जिन्याखाली उपडी पडलेली, तोटी मोडलेली निळी बादली दिसते ना? ती मी. आता माझ्यात कोणी फरशीचं फडकंसुद्धा भिजवत नाही.

पूर्वी इथल्या, सिएरा लिओनच्या बाजारात माझ्यातून आल्याचं सरबत विकायचे. पोरांची झुंबड उडायची. मग इबोलाची साथ आली आणि मला इस्पितळात आणलं. वॉर्डच्या दारात स्टुलावर ठेवून माझ्यात क्लोरीनचं पाणी भरलं. त्याने धुतलं तरच हातावरचा रोग मरायचा. "आधी बादली, मग पेशंट," असं बाइंदू सिस्टर नव्या मुलींना बजावायची. केवढा मान होता मला!

पण क्लोरीन संपलं. सामान पाठवणाऱ्या आरोग्य कचेरीतले साहेब "उद्या येईल, उद्या येईल" म्हणत राहिले आणि आठवडा गेला. आत इबोला झालेली मात्तू नावाची बाळंतीण पाण्यासाठी तळमळत होती.

बाइंदू आत निघाली, तशी तिच्या जोडीची नर्स काडी आडवी आली. "जाऊ नकोस गं! हातमोजे धुतलेले नाहीत, बादली कोरडी. तुझी दोन पोरं कोणाच्या गळ्यात घालणार आहेस?"

"आणि ही ओरडतेय ती कोणाच्या गळ्यात घालू? नर्स आहे मी, बाई!"

पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या हातांना बांधून बाइंदू आत गेली. बाहेर आल्यावर तिने सवयीने माझी तोटी उघडली. एक थेंब पडला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मात्तू वाचली. बाइंदू तापाने फणफणली आणि तिच्याच वॉर्डात खाटेला खिळली.

"काडी, घोटभर पाणी दे गं!" आतून हाक यायची. मी अजूनही कोरडीच. शेवटी काडीने मला डोक्यावर घेतलं आणि थेट साहेबांच्या कचेरीवर धडकली. तिथे फाटकात माझ्यासारखीच बादली होती, क्लोरीनच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवावेत म्हणून!

"अहो, ती कचेरीची आहे!" साहेब ओरडले. "पेशंट सोडून इथे कशा आलात? नर्सचं कर्तव्य विसरलात का?"

"जिने कर्तव्य केलं ती तिकडे मरतेय, साहेब. बाजूला व्हा, नाहीतर हे तुमच्याच डोक्यावर ओतीन."

तिने ते सगळं पाणी माझ्यात ओतलं आणि मला घेऊन धावत सुटली. हातमोजे धुतले, घातले, आत गेली. बाइंदूची हाक थांबली होती.

काडीने तिथेच बसकण मारली. पण पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी "सिस्टर" म्हणालं, आणि ती रडत रडत उठली.

साथ ओसरल्यावर बाइंदूच्या नावाची पाटी लागली. साहेबांनी कर्तव्यावर भाषण ठोकलं. मी जिन्याखाली आले.

मित्रांनो, माझी तोटी नाही दुरुस्त केलीत तरी चालेल. पण नर्सला कर्तव्य शिकवण्याआधी तिच्या दारातल्या बादलीत जरा वाकून बघा हो. पाणी आहे का तिच्यात?