बारा जणांचे बारा शब्द

ही गोष्ट ऐकून चिखलीपासून चाकणपर्यंत एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. खुद्द अर्जुनरावांचा तरी कुठं बसला होता? स्पाइन रोडवरच्या रिझवानच्या मोबाइल दुकानात, अकरा जणांच्या नजरेसमोर, नव्या फोनवर भिशीचं वॉलेट उघडलं आणि आकडा आला शून्य. साधं शून्य नाही, राव. शून्य, मग टिंब, मग पुढं आणखी आठ शून्यं. एकानं भागलं नाही त्याचं.

चाकणच्या, गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपमधली ही बारा जणांची भिशी. वही बावीस वर्षं अर्जुनरावांकडे. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांनी ठरवलं, भिशी चालू द्या, शिवाय महिन्याला हजार-हजार क्रिप्टोत टाकू. वॉलेट अर्जुनरावांच्या फोनवर. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. ते ज्याच्याकडे, पैसे त्याचे. मग किल्ली एकाच्या हाती कशाला? ज्याचा जो भिशी नंबर, त्याला त्या नंबरचा एकच शब्द. कागदावर उतरवायचा नाही, घरात सांगायचा नाही. एका विसरभोळ्यानं 'ऑनियन' दंडावर गोंदवून घेतला, तर ही ऑनियन कोण म्हणून बायकोनं महिनाभर ताट वाढलं नाही.

आणि अर्जुनरावांचा फोन फोर्कलिफ्टखाली गेला. पापड झाला पापड. म्हणून शब्द टाकून नव्या फोनवर वॉलेट परत उघडायला रविवारी सगळे रिझवानकडे जमले. वहीतल्या नंबरानं अर्जुनरावांनी एकेकाला हाक मारली, एकेकानं काउंटरपाशी जाऊन कानात सांगावा तसा शब्द सांगितला. बारावा शब्द पडला, वॉलेट उघडलं, आणि शून्य.

"दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार टाकलेत आपण," सुजित ओरडला. "गेले कुठं?"

"अर्जुनराव, चऱ्होलीत फ्लॅट बुक केलाय म्हणं तुमी," मागून भिमाजी बोलला.

अर्जुनरावांच्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या की रिझवाननं सोल्डरिंगची मशीन बंद करून ठेवली, आता गरज नाही म्हणून.

"फ्लॅट माझ्या पोरीनं कर्ज काढून घेतलाय, भिमाजी! बावीस वर्षांत एक रुपया इकडचा तिकडं झाला असंल तर दाखीव! मी खाल्ले व्हय रे? बोल की! मी खाल्ले?"

"मग कुणी खाल्ले? फोन तुमचा."

"आन शब्द? माझ्याकडं एक हाय, एकच!"

भांडण एवढं पेटलं की म्हणे पार तिकडं लांब माणच्या आयटीवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. अर्जुनरावांना वाटत होतं, कुणाची तरी गचांडी धरावी. पण धरायची कुणाची? बँक असती तर मॅनेजरच्या टेबलावर हात आपटला असता. इथं टेबल नाही, मॅनेजर नाही. मोकळा राग हातात घेऊन माणूस उभा, आणि समोर बावीस वर्षांचे सोबती त्याच्याकडे चोरासारखं बघतायत.

"चाचा, ओरडू नका, मला बघू द्या," रिझवान म्हणाला. त्यानं ॲप अपडेट केलं. शून्य. नेटवर्क बदलून पाहिलं, शून्य. लपवलेली नाणी उघडून पाहिली, तिथंही काही नाही. मग त्यानं विचारलं, "जुन्या फोनवरून पैसे टाकल्याचा एखादा फोटो आहे कुणाकडे?"

अर्जुनराव दर महिन्याला ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचे. रिझवाननं त्यातला वॉलेटचा पत्ता आणि समोरचा पत्ता शेजारी-शेजारी धरला.

"हे तुमचं वॉलेटच नाही. दुसरंच उघडलंय. शब्द तेच, क्रम चुकलाय. क्रम चुकला की ॲप बहुतेक वेळा नाही म्हणतं, पण सोळांत एखाद्या वेळी चालवून घेतं आणि वेगळंच रिकामं वॉलेट दाखवतं. कुणाचा नंबर बदलला होता का?"

अर्जुनरावांनी वही उघडली. तीन नंबरवर खाडाखोड, नऊ नंबरवर खाडाखोड. अक्षर त्यांचंच. गेल्या फेब्रुवारीत सुजितच्या बहिणीचं लग्न निघालं, भिशी आधी पाहिजे म्हणून त्यानं भिमाजीशी नंबर बदलला, आणि रडत-भेकत अर्जुनरावांकडून वहीत तसा बदल करून घेतला. भिशीत असं चालतंच, कुणाच्या घरी कार्य निघालं की. वहीत नंबर बदलले. डोक्यातले शब्द जुन्याच नंबराचे राहिले.

"तुमच्यासाठी खोडलं रे मी!" वही काउंटरवर अशी आपटली की शोकेसमधले सगळे फोन एकदम वाजायला लागले. "तुमचं नडलं म्हणून! आन चोर मी?"

रिझवाननं तिसऱ्या आणि नवव्या शब्दाची अदलाबदल केली. गोल फिरलं, फिरलं, आणि पैसे आले. भाव चढलेला, तीन लाखांच्या वर.

मग काय विचारता! अकराच्या अकरा गडी दुकानाबाहेर भर रस्त्यात अर्जुनरावांच्या पायावर पडले. हार आणला, पेढे आणले. भिमाजी तर 'चुकलो, अर्जुनराव, चुकलो' म्हणत इतका रडला की स्पाइन रोडला गुडघाभर पाणी, अन् पीएमपीच्या तीन बसगाड्या...

"सोपानराव, बास!" टपरीवरचा बाक मागं ढकलत, इतका वेळ गोष्ट ऐकत बसलेला भिमाजी उठला. "साफ खोटं बोलताय. कुणी पाया पडलं न्हाई. पैसे दिसले तसं आमी आपापला वाटा किती ते बघितलं आन घरला गेलो. माफी एकानंबी मागितली न्हाई. मीबी न्हाई."