सुकलालची परेड

सुकलालनं कोंबड्यासारखी मान पुढं काढली, डोळे तिरळे केले आणि गायत्रीच्या नाकासमोर एक गिरकी घेतली. गायत्री दारात सावधान उभी होती. टाचा जुळलेल्या, मुठी पॅन्टच्या शिवणीला, बूट पायापेक्षा मोठे. तिनं ओठ आवळले, नाकपुड्या फुगवल्या आणि शेवटी फस्सकन हसली.

"झालं! ही म्हणे देश सांभाळणार," सुकलाल म्हणाला.

"काका, परेडला कोणी असं तोंड करत नाही."

"मी करीन की!"

गुजरातेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत सगळी खानदेशातून आलेली, कापड विणायच्या लूमवर खपणारी माणसं. सुकलाल त्यांच्यातलाच, पण चाळिशी उलटली तरी वात्रटपणा जाईना. हा मढ्यालाही हसवील असं गल्ली म्हणायची. अजून मढ्याच्या घरच्यांनी परवानगी दिली नव्हती, एवढंच.

"एनसीसी, एनसीसी! शेवटी ह्याचा उपयोग काय, ते तरी सांग," तो म्हणाला.

"एकता और अनुशासन," गायत्रीनं पाठ केलेलं फेकलं. "स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी कायदा झाला. आणि त्याच्या पुढच्या वर्षी मुलींनाही घेतलं."

"खोटं. केळं आणि समोसा मिळतो म्हणून जातात पोरं. धुडकूभो, लाव शरत! सव्वीस जानेवारीला भर मैदानात हिला हसवली तर?"

गायत्रीचा बाप धुडकू खाटेवर चहा पीत बसला होता. "तर हिचा कॅम्प बंद," तो पटकन म्हणाला. इतक्या पटकन, की चहा मांडीवर सांडला.

परीक्षा झाल्यावर व्याऱ्याकडच्या जंगलात कॅम्प होता. तंबूत राहायचं, खरी रायफल हातात धरायची. गायत्री मनानं कधीच त्या तंबूत राहायला गेली होती. जेवायला तेवढी घरी यायची.

"आणि नाही हसली तर?" आतून तिची आई, इंदुबाई, कडाडली.

"तर वहिनी, खांद्यावर झाडू घेऊन ह्या पोरीच्या हुकमावर परेड करीन. इथून मगनच्या चहाच्या टपरीपर्यंत, सगळ्यांच्या देखत!"

गायत्रीच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं.

"मान्य," ती म्हणाली.

लूमवर तोंडानं कोणी बोलत नाही. खटखटीत स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, तर दुसऱ्याला काय येणार. तिथं ओठ हलतात आणि बोटं बोलतात. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. पोटावरून गोल फिरवलेला हात म्हणजे मालक आला. बापाचा डबा पोचवता पोचवता गायत्रीही ही भाषा शिकली होती.

पैज लागली त्याच दिवशी धुडकूनं आपल्या लूमवरून सुकलालला खूण केली. बोटं ओठांच्या कोपऱ्यांना लावून वर ओढली. हसव तिला. मग मूठ आवळली. नक्की.

का रे, असं सुकलालनं भुवयांनी विचारलं.

धुडकूनं दोन्ही तळवे टेकवून तंबू केला. मग गालाखाली हात घेतला आणि मान हलवली. पोरगी तंबूत, तर मला झोप नाही. त्यानं स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं आणि तेच बोट सुकलालकडे वळवलं. तिला नाही म्हणणं मला जमत नाही. तू म्हण.

सुकलालनं मान डोलावली. मस्करी करायची ऑर्डर त्याला जन्मात पहिल्यांदाच मिळत होती. ती काही गोड लागली नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी धुकं एवढं होतं, की शाळेचं मैदान कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. झेंड्याचा खांब अर्ध्यावर विरघळला होता. धुक्यातून आधी बुटांचा आवाज आला, मग खाकी रांगा आल्या, जणू कोणी झोपेत त्यांना विणत होतं. लूमच्या खटखटीला सरावलेल्या कानांना ती शांतता पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती.

झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं. मग पाहुणे भाषणाला उभे राहिले. देश नवा होता, हातात काही नव्हतं, तेव्हा शाळाशाळांतून ही पोरांची पलटण उभी केली, असं काहीसं भोंग्यातून येत होतं. वाक्यं निघायची आणि धुक्यात मुरायची. गायत्री पहिल्या रांगेत होती. हनुवटी वर, नजर समोर. आणि त्या नजरेच्या बरोबर समोर, दोरीपलीकडे, सुकलाल. शेजारी धुडकू.

सुकलालनं पोटावरून हात गोल फिरवला. मालक आला.

गायत्री दगड.

मालक वाकला. मालकाचं धोतर लूममध्ये गेलं. सुकलालच्या बोटांनी धोतर ओढलं, लूमनं ते परत ओढलं. मालक ह्या टोकाला, धोतर त्या टोकाला, आणि लूममधून छान काठापदराची साडी बाहेर पडायला लागली. आजूबाजूच्या गुजराती बायांना वाटलं, ह्या माणसाला थंडी वाजतेय. शेवटी मालकानं नाइलाजानं तीच साडी नेसली, पदर घेतला आणि लाजला.

गायत्रीच्या डाव्या गालावर खळी पडली. ओठ फाकले, पुढचे दोन दात चमकले. मग ओठ मिटले. डोळे तेवढे भरून आले आणि तसेच समोर बघत राहिले.

सुकलालनं हात खाली घेतले. धुडकूकडे बघितलं. धुडकूची पापणी लवत नव्हती. गर्दीत बसून आपल्याच लेकीला तो पहिल्यांदा बघत असावा, तसा बघत होता.

"हासली ना?" सुकलाल कुजबुजला.

समोर हुकूम झाला आणि सगळी रांग एकदम वळली. एकच बूट वाजावा, तशी.

"नाही," धुडकू म्हणाला.

"अरे, दात दिसले..."

"मी बघत होतो ना, भो. नाही हासली."

सुकलालनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग डोकं खाजवलं. "हां," तो म्हणाला. "धुकं पण लई होतं."

दुपारपर्यंत ऊन पडलं आणि सगळी गल्ली दारांत, ओट्यांवर येऊन बसली. "सुकलाल हारला, सुकलाल हारला!" पोरं थाळ्या वाजवत होती. इंदुबाईनं स्वतःच्या हातानं झाडू आणून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"वहिनी, नवा तरी द्यायचा!"

"नवा जिंकणाऱ्याला."

गायत्री अजून गणवेशातच होती. तिनं एकदा सुकलालकडे बघितलं. तो बघेना, तेव्हा तिनं छाती भरून घेतली.

"सावधान! तेज चल!"

सुकलाल निघाला. ज्या बाजूचा पाय, त्याच बाजूचा हात पुढं. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. मगननं चहाचं पातेलं उतरवून ठेवलं. धुडकू भिंतीला टेकून हसत होता आणि डोळे पुसत होता. पुसणं हसण्यापेक्षा जरा जास्तच वेळ चाललं.

मगनची टपरी आली, मागंही पडली. थांबायचा हुकूम काही येईना.

"थांबव ना, माय," सुकलाल तोंडाच्या कोपऱ्यातून म्हणाला. "मला माहितेय आणि तुलाही माहितेय..."

"कॅडेट," गायत्री म्हणाली, "परेडमध्ये बोलायचं नाही."

सुकलालनं तोंड मिटलं, झाडू सरळ केला आणि पुढं चालत राहिला.