खिळेवाले

साहेब, सावळीरामचं दुकान तुम्ही पाडलंत याचा मला राग नाही. रस्ता रुंद व्हायचा होता, द्वारकेच्या चौकात ट्रकला ट्रक घासत होते, ते मलाही दिसत होतं. तुम्ही खोटं बोललात, याचा राग आहे. त्याच्याच बाकावर बसून, त्याचाच चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "दिवाळीनंतर बघू, तोवर निवांत राहा." आणि दिवाळीच्या आधीच माणसं पाठवलीत.

चार पत्रे आणि दोन बाकं गेली, असं तुम्हाला वाटत असेल. आज तुमच्या ऑफिसच्या पायरीवर गाठलंय तुम्हाला, तर काय गेलं ते ऐका.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठ सावळीराम आणि त्याची बायको चांगुणा यांनी तिथं चहाचं दुकान टाकलं. मी समोरच्या ट्रान्सपोर्टात हमाल होतो. चहा फक्कड, जागा मोक्याची आणि बाकं रिकामी. कारण समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. ड्रायव्हर दारापर्यंत यायचे, फोटो बघायचे आणि "तंबाखू गाडीतच राहिली" म्हणून पुढच्या हॉटेलात शिरायचे. कुणीतरी शहाणपणा सांगितला, फोटो आतल्या अंगाला लाव. सावळीराम म्हणाला, "त्यापेक्षा दुकान बंद करतो."

तोड काढली चांगुणाबाईनं. "हे लोक च्याला नाय भीत, कपाला भितात. आपापला कप आणा म्हणावं."

सावळीराम भडकला. "म्हणजे त्यांचा विटाळ आपण सांभाळायचा?"

"त्यांचा तेच सांभाळतील. कप आपल्या खिळ्याला राहील ना? मग माणूस जातोय कुठं?"

पहिला कप आणला निवृत्तीनं. आमच्या ट्रान्सपोर्टातला कारकून, सोवळ्याओवळ्याच्या घरातला. निळ्या फुलाचा कप, कान धरून खिळ्याला टांगला. मग दुसरा आला, तिसरा आला. आधी जो तो आपला कप आपण विसळायचा. पुढं कंटाळा आला म्हणा, लाज वाटली म्हणा, सगळे कप चांगुणाबाईच्या एकाच बादलीत पडायला लागले. फोटोच्या दोन्ही बाजूंना भिंत कपांनी भरली. वाटसरूला काचेचा ग्लास, आम्हाला आमचा कप. द्वारकेवर आम्हाला खिळेवाले म्हणायचे.

नुसता चहाचा मामला नव्हता तो. निवृत्तीची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा दवाखान्यात डबे नेले ते खिळेवाल्यांनी. कळवणचा एक कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर घाटात अपघातात गेला, त्याचा कप सावळीरामनं भिंतीकडं तोंड करून तसाच ठेवला. पुढच्या हॉटेलवाल्यानं रेडिओ लावला, खुर्च्या टाकल्या, तरी आमच्यातला एक माणूस हलला नाही. तुम्ही रस्त्यांच्या खात्यात बदली होऊन आलात आणि स्वतः म्हणालात, "सावळीरामभाऊ, आम्हाला पण एक खिळा द्या की." दिला त्यानं. आठवतं ना?

आता एक रीत सांगतो, सगळं तिच्यावर आहे. सहादू ड्रायव्हर एकदा पिऊन आला आणि चांगुणाबाईला जातीवरून नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी सावळीरामनं त्याचा कप कागदात गुंडाळला आणि त्याच्या घरी जाऊन उंबऱ्यावर ठेवला. तसाच माघारी फिरला. कप घरी आला म्हणजे संबंध तुटला. सहादू वर्षभर द्वारकेला वळसा घालून जायचा. शेवटी बुद्धपौर्णिमेला कप घेऊन खाली मान घालून दारात उभा राहिला.

"धुतलाय का?" चांगुणाबाईनं विचारलं.

"व्हय वहिनी."

"मग टांग."

एवढंच. पुन्हा त्यावर कुणी शब्द काढला नाही.

तुमची माणसं आली तेव्हा सावळीराम घोटीला होता. बहिणीचा, धोंडाबाईचा, नवरा वारला होता, त्याचा जलदान विधी होता. तुमच्या शब्दावर निर्धास्त गेला होता तो. मुकादम म्हणाला, दुपारपर्यंत काय ते उचला. चांगुणाबाईनं स्टोव्ह उचलला नाही, पातेली उचलली नाहीत. भांडी आपली, कप लोकांचे, असा तिचा हिशेब. फुटू नयेत म्हणून एकेक कप कागदात गुंडाळला, पाट्या भरल्या आणि दारोदार निघाली. माणसं कामावर, घरं बंद. तिनं कप उंबऱ्यावर ठेवले. तुमचाही तुमच्या शिपायाकडं दिला. परत आली तेव्हा दुकान नव्हतं.

संध्याकाळी सावळीराम आला. पत्र्यांकडं त्यानं बघितलंही नाही. "कप कुठायत?"

"ज्याचे त्याला पोचवले. एक बी फुटला नाय."

तो मातीतच बसला. "चांगुणे, अगं, सगळ्यांना काढून टाकलंस तू."

मी त्या दिवशी कांदा भरायला कळवणला होतो. आलो तर उंबऱ्यावर कप.  तसाच विचारायला गेलो, म्हणून मला कळलं. बाकी कुणी विचारायला आलं नाही.

खरं काय झालं ते सांगायला सावळीराम घरोघर फिरला, मी बरोबर होतो. निवृत्ती दारातूनच म्हणाला, "आम्ही तुझ्याकडं चहा पीत होतो हेच खूप होतं. वर तूच आमचा कप परत करतोस?" इतक्या वर्षांत बादलीत धुऊन गेलेलं एका कपासरशी वर आलं. सहादूचं वेगळंच. तो म्हणाला, "मागं परत केलास तेव्हा माझी चूक मला ठाऊक होती. या वेळी काय चुकलं तेच कळेना, भाऊ. कोणत्या तोंडानं येऊ?" त्याला समजावलं. मान हलवली त्यानं, पण आला नाही.

मग सावळीराम तुमच्याकडं आला. जागा मागायला नाही. त्याला एवढंच हवं होतं की तुम्ही द्वारकेवर यावं आणि चारचौघांत सांगावं, मी दिवाळीनंतर म्हणालो होतो, आधी आलो, बाईला वेळ दिला नाही. तुमचं लोकांनी ऐकलं असतं. शिपाई रोज सांगायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. सावळीराम रोज जायचा, पायरीवर उभा राहायचा आणि परत यायचा.

पुढं मागच्या गल्लीत गटाराकाठी जागा मिळाली. त्यानं पहिल्या दिवशी फोटो लावला आणि भिंतभर खिळे ठोकले. एकावर माझा कप होता. बाकीच्या खिळ्यांना गंज चढला. सावळीरामनं अंथरूण धरलं आणि गेला. त्याच्या जलदानाला सहादू आला, रडला. निवृत्ती आला नाही.

चांगुणाबाई अजून दुकान उघडते. चहाला गिऱ्हाईक मी एकटाच. रोज विचारते, "भाऊ, कप राहू दिले असते, फुटू दिले असते, तर माणसं राहिली असती का हो? माझंच चुकलं ना?" मी नाही म्हणतो. तिला ते पटत नाही. माझ्या शब्दाला वजन नाही, तुमच्या आहे.

तुमचा कप तुमच्या टेबलावर असेल किंवा तुम्ही तो फेकला असेल. तो नको. तुम्ही या. मागच्या गल्लीत, तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, दिवाळीनंतर म्हणालात, मग आधी का आलात?

मी वाट बघतोय. बोला.